रेघ पश्चिमेला सरकली

काकांचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात डबा उघडत होते. काका कामाच्या वेळात फोन करणाऱ्यांतले नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीत अख्खं आयुष्य नाकासमोर चालत काढलेला माणूस, दुसऱ्याच्या ऑफिसच्या वेळेलाही मान देणारा. त्यामुळे स्क्रीनवर 'काका' दिसलं तसा मी पहिल्याच रिंगला उचलला. आवाज मात्र शांत होता. "अगं, आपल्या भिंतीवर कुणीतरी लाल फुली मारून गेलंय. तुला वेळ असेल तेव्हा ये," म्हणाले.

वेळ असेल तेव्हा! घराला आग लागली तरी हा माणूस म्हणेल, सवडीने बादली आण. मी डबा तसाच बंद केला, टॅक्सी बोलावली आणि गाझियाबाद गाठलं.

मे महिना होता, लू सुटली होती. एरवी त्या वेळेला गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर उभी होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराला फुली होती. रंगाचे ओघळ खाली येऊन वाळले होते. शेजारच्या सरदारजींनी थिनर लावून ती पुसायचा प्रयत्न केला होता, तर फुली गेली नाहीच, उलट भिंतभर गुलाबी डाग पसरला. दाराला नोटीस चिकटवलेली. घर हिंडन नदीच्या पूरक्षेत्रात येतं, महिनाअखेर सुनावणी, त्यानंतर पाडकाम. काकांनी ती नोटीस न फाडता, न चुरगाळता काढून टेबलावर पेपरवेटखाली ठेवली होती.

हे घर काका-काकूंनी रिटायरमेंटनंतर घेतलं. त्याआधी सगळी वर्षं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, आणि त्यातली बरीच मीही त्यांच्यात काढली. माझ्या वडिलांची नोकरी बदलीची होती, म्हणून शाळेसाठी मला काकांकडे ठेवलेलं. काकांची मुलगी, माझी ताई, आणि मी एका खोलीत वाढलो, एका पांघरुणावरून भांडलो. काकू गेल्यापासून काका या घरात एकटे राहतात. ताई लग्न करून, पुढे मुलगा झाल्यावर, हिंडनच्या पलीकडच्या काठावर राहायला गेली. तिचा नवरा मेरठकडचा ख्रिश्चन. काकूंनी थोडी रडारड केली होती; काकांनी एवढंच विचारलं होतं, जावई वेळेवर घरी येतो ना?

काकांचं म्हणणं साधं होतं. मागे एकदा हिंडनला मोठं पाणी आलं होतं. तेव्हा ते कोपऱ्यावरच्या मंदिराच्या पायरीशी थांबलं आणि मागे फिरलं. या गल्लीत कुणाची चप्पलसुद्धा भिजली नाही. मग पूरक्षेत्र कसलं? सरकार मुद्दाम असं करणार नाही यावर त्यांचा या वयातही विश्वास. म्हणाले, मोजणीत काही चुकलं असेल, तू बघ. तेवढ्यात सरदारजींनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ये बिटिया नक्शे का काम करती है।" झालं. गल्लीतले सगळे चेहरे माझ्याकडे वळले.

नकाशांचं काम करते म्हणजे फोनमधला नकाशा मीच चालवते असं आमच्या नात्यात पुष्कळांना वाटतं. रस्ता चुकला की मला फोन येतात, आणि मी वैतागते. पण या वेळी गंमत अशी, गंमत कसली, दैवाची थट्टा म्हणा, की हिंडनचे सगळे नकाशे एका वेबसाइटवर आणायचं काम आमच्याच छोट्या कंपनीला नुकतं मिळालं होतं. पूररेषा आमच्याआधीच्या कुठल्याशा कंपनीने काढून दिली होती. त्याच रेघेवर बोट ठेवत माणसं फोन घेऊन फिरली आणि फुल्या मारत गेली. आमच्या वाट्याला नुसतं ते सगळं दिसायला नीटनेटकं करणं आलं होतं.

इथे थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. नकाशावरची जागा म्हणजे शेवटी दोन आकडे. ते कुठून मोजले हे ठाऊक नसेल तर त्यांना काडीची किंमत नाही. 'चौकातून उजवीकडे तिसरं घर' असं कुणी सांगितलं तर तुम्ही आधी विचाराल, कुठला चौक? तसंच. इंग्रजांनी हिंदुस्थान मोजला तेव्हा पृथ्वीचा एक आकार धरला होता, आपल्या बाजूला नीट बसेल असा. जुने सरकारी नकाशे त्या हिशेबाचे. उपग्रह आणि फोन दुसरा आकार धरतात, साऱ्या जगाला चालेल असा. दिल्लीच्या आसपास या दोन मोजण्यांत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो, आणि तो जवळजवळ सगळा पूर्व-पश्चिम. आकडे तेच, जागा दुसरी.

आता आमच्या धंद्यातली एक खोड. फाइल येते, तिच्यात कुठल्या मोजणीचे आकडे आहेत ते लिहिलेलं नसतं. सॉफ्टवेअर कुरकुर करतं, आधी सांगा म्हणतं. मग घाईतला माणूस उपग्रहांच्या मोजणीचा नंबर, फोर थ्री टू सिक्स, ठोकून देतो. कुरकुर थांबते. सगळे खूश. पण ते नुसतं लेबल झालं, आकडे होते तसेच राहिले. ताप फॅरनहाइटमध्ये मोजायचा आणि कागदावर सेल्सिअस लिहून टाकायचं, तसं. आकडा बदलला नाही, पेशंट मात्र कागदावर उकळतोय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती फाइल उघडली. पूररेषेबरोबर त्याच जुन्या नकाशावरून उतरवलेल्या इतर गोष्टीही होत्या: मंदिर, बंधारा, रेल्वेचा पूल. ते सगळं मी उपग्रहाच्या फोटोवर टाकलं आणि बघतच राहिले. नदी एकीकडे होती आणि पूल तिच्या पूर्वेला, कोरड्या जमिनीवर, घरांच्या छपरांमधून आडवा गेलेला. त्याच्याखाली पाणी नव्हतं, काहीच नव्हतं.

हे आधी कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, हो मॅम, जुना नकाशा आहे, तेव्हापासून नदी सरकली असेल. नद्या सरकतात, खरंच आहे. पण पूल कसा सरकेल? त्यावरून आजही गाड्या जातात. जो तो पूररेषेकडे बघत होता, पुलाकडे एकानेही बघितलं नव्हतं. कपाळावर हात मारून घेतला मी.

आमचा मॅनेजर पानिपतहून रोज ये-जा करणारा, सभ्य माणूस. तो म्हणाला, आपलं काम दाखवायचं आहे, तपासायचं नाही, आप प्लीज़ मत छेड़िए। माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांच्या भिंतींवर फुल्या मारल्यात आणि आपण छेडायचं नाही? काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पँट्रीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली होती. माझ्या काकांचं घर त्यात आहे हेही मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, मागाहून कुणी बोट दाखवायला नको. त्याने माझ्या स्क्रीनवरचा तो कोरडा पूल मोठा करून बघितला. मग म्हणाला, तर मग पुलाचा पुरावा सगळ्यात वर ठेवा, काकांच्या घराचा उल्लेखच करू नका, मी स्वतः पुढे पाठवतो. मला त्याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती. ओरडल्याबद्दल मी सॉरी म्हटलं.

दुरुस्ती कोडच्या एका ओळीची होती. आधी खरं सांगायचं, की आकडे जुन्या मोजणीचे आहेत; मग त्यांचं रीतसर रूपांतर करायचं. मी एंटर दाबलं. पूल टुणकन नदीवर जाऊन बसला. मंदिर स्वतःच्या जागी गेलं. आणि पूररेषा पश्चिमेला, नदीकडे सरकून बरोबर मंदिराच्या पायरीशी आली. काकांची अख्खी गल्ली बाहेर. मी एकटीच टाळ्या पिटल्या. चहा घेतला, कुणाचं तरी बिस्कीट न विचारता खाल्लं, आणि रिपोर्टला लावायला पूर्ण नकाशाचं चित्र हवं म्हणून झूम आउट केलं.

नदीला दोन काठ असतात. हे सांगायला नकाशावाली कशाला हवी, पण मला त्या क्षणी ते जणू नव्याने कळलं. पूर्वेच्या काठावर, काकांच्या बाजूला, रेघ पश्चिमेला सरकली म्हणजे नदीकडे आली, माणसं सुटली. पश्चिमेच्या काठावरही ती पश्चिमेलाच सरकली, आणि तिथे पश्चिम म्हणजे नदीपासून दूर, वस्तीच्या आत. पूरक्षेत्राला आम्ही निळा रंग दिला होता. तो निळा रंग छपरांवर चढला होता. एक गल्ली, तिच्यामागची गल्ली, मग त्याच्याही पुढची. त्या छपरांमध्ये एका गच्चीवर हिरवी जाळी होती. टोमॅटोला ऊन लागू नये म्हणून ताईने बांधून घेतलेली.

मी माउस बाजूला घेतला. पुन्हा तिथे नेला. तीच गच्ची.

रेघ चुकीची असू दे, असं मी मनात म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझंच काम चुकलेलं असावं असं वाटत होतं. पाणी आलं होतं त्या वर्षीचा उपग्रहाचा फोटो मिळाला, तो उघडला. ताईची कॉलनी तेव्हा नव्हती, तिथे शेतं होती, आणि शेतांवर मातकट पाणी पसरलेलं होतं. नव्या रेघेपर्यंत, अगदी तंतोतंत. पाणी ओसरलं, एक-दोन हंगाम गेले आणि बिल्डर आला. नदीकाठची हवा म्हणून त्याने फ्लोअर, म्हणजे घराचे सुटे मजले, विकले. ज्या पट्ट्यात खरंच पाणी येतं तिथे एकाही भिंतीवर फुली नव्हती, आणि तिथली माणसं बिनघोर झोपत होती.

रिपोर्ट तयार होता, पण मी पाठवला नाही. सकाळी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू सुनावणी आजच आहे. आधी त्यांना त्यांची गल्ली दाखवली, बाहेर आलेली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मला तिथेच थांबावंसं वाटत होतं. पण त्यांचं बोट आपोआप नदी ओलांडून पलीकडे गेलं. ती जाळी त्यांनीच तारा ओढून बांधून दिली होती, त्यांना ओळखू येणारच.

"ही आत कशी आली?"

मी समजावून सांगितलं.

"आणि हे पाठवलं नाहीस तर?"

"तर आपली गल्ली जाईल. ताईला कुणी काही विचारणार नाही."

"आणि पाणी?"

मी तो फोटो उघडून त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी चष्मा पुन्हा लावला आणि मातकट पाण्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, सरदारजींकडे कुकरची शिट्टी झाली.

"पाठव," ते म्हणाले. "तिला मी सांगतो."

त्याच शर्टात, ई-रिक्षा करून ते पलीकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईने सांगितलं. संध्याकाळी फोन करून तिने पहिलं वाक्य टाकलं, की मला तुझा फोन आधी यायला हवा होता. काका म्हणाले होते ते सांगतील, हे मी सांगून पाहिलं. तर म्हणाली, "बाबा काय सांगणार? म्हणाले, नकाशा दुरुस्त झालाय. माझ्या भिंतीवर फुली येणार आणि तुम्ही त्याला दुरुस्ती म्हणता, यार."

मग मीही भडकले. पाणी येतं तिथे, फोटो बघ, असं ओरडून सांगितलं. ती हसली. कसली नदी, म्हणाली, काळा नाला आहे तो, उन्हाळ्यात वासाने खिडक्या उघडता येत नाहीत, त्याला कसला पूर? ती खोटं बोलत नव्हती. उन्हाळ्यातली हिंडन बघितली की तिच्याने काही होईल असं कुणालाच वाटणार नाही. मला त्याचीच भीती वाटत होती. फोन ठेवताना ती म्हणाली, बाबांना म्हणावं सुखाने राहा आता. एवढं लागलं मला ते, की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुलाचा पुरावा कुणाला नाकारता आला नाही. पाटबंधारे खात्याने नवी रेघ मान्य केली. काकांच्या गल्लीतल्या फुल्यांवर चुना फिरला, सरदारजी मिठाईचा डबा घेऊन आले. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, धन्यवाद म्हणाले आणि न उघडता फ्रिजमध्ये ठेवून दिला. त्याच आठवड्यात पलीकडे फुल्या पडल्या. ताईच्या कॉलनीतली माणसं कोर्टात गेली आणि त्यांना स्थगिती मिळाली. सुनावणी पावसाळ्यानंतर. ढोलबिल वाजवले त्यांनी. पावसाळा संपेपर्यंत घरं पाडू नयेत म्हणून केवढी धडपड केली, आणि पावसाळ्यात त्याच घरांत राहायचं. मी कुणाला काही म्हटलं नाही. मला तिथे आधीच 'ती नकाशावाली' म्हणत होते.

ताई काकांचा फोन उचलेना. भाच्याला रविवारी आजोबांकडे पाठवणंही तिने बंद केलं. काका तक्रार करत नव्हते. मात्र ते दुपारचे जेवत नाहीत हे मला डब्यातल्या उरलेल्या पोळ्यांवरून कळायला लागलं. मी रोज उठल्यावर दात घासायच्या आधी नदीच्या पाण्याची पातळी फोनवर बघत होते. वर सहारनपूरकडे पाऊस जोरात होता. पातळी एक दिवस थोडी वाढायची, दुसऱ्या दिवशी तेवढीच राहायची, मग परत वाढायची. उतरत ती नव्हती.

एका रविवारी काकांनी स्वतः भरली वांगी केली, ताईला आवडतात म्हणून, आणि आम्ही माझ्या गाडीने पलीकडे गेलो. ताईने डबा गेटवरूनच घेतला. गेट उघडलं नाही. भाचा वरच्या खिडकीतून हात हलवत होता, त्याला तिने आत बोलावलं. गाडी वळवायला जागा नव्हती म्हणून मी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिथे रस्ता संपतो आणि उतार लागतो. उतारावर परवापर्यंत म्हशी चरायच्या. आता तिथे पाणी होतं. काळं नव्हे, मातकट, रुंद, आणि आवाज न करता चाललेलं. एक अख्खं बाभळीचं झाड त्यातून वाहत गेलं. काकांनी गाडी बंद करायला सांगितली.

"ती रेघ परत होती तशी करता येईल का गं?" ते पाण्याकडे बघत म्हणाले. "माझ्या भिंतीवर फुली आली तरी चालेल. ती निदान माझ्याशी बोलेल."

उभ्या आयुष्यात ज्या माणसाने ऑफिसच्या पेनने घरचं पत्र लिहिलं नाही, तो मला खोटा नकाशा करायला सांगत होता. तशी करता येते. लेबल बदलायचं, बाकी काही नाही. सॉफ्टवेअर कुरकुरसुद्धा करणार नाही.

"नाही येत, काका," मी म्हणाले. त्यांच्याशी मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तर मग तिला घेऊन ये. मला शिव्या देऊ दे, जन्मभर बोलू नको म्हणावं, पण त्या पोराला आणि तिला आत्ता गाडीत घाल."

मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि तिच्या गेटपर्यंत मागे घेतली. बेल वाजवली. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला. मी बेलवरून बोट काढलं नाही.